पायाळूची पाठ

माझी आई पायाळू होती. म्हणजे जन्माला येताना तिचं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. ह्यात तिचं कर्तृत्व काही नव्हतं, पण कोल्हारात आणि आसपासच्या गावांत तिला जो मान होता तो ह्या पायांमुळंच. पायाळू माणसाचा पाय पाठीवरून फिरला की भरलेली उसण जाते, अशी आमच्याकडं सगळ्यांची खात्री. कुणाची पाठ धरली की तो माणूस सकाळी चहाच्याही आधी कण्हत आमच्या अंगणात यायचा आणि पालथा पडायचा. आई डावी टाच त्याच्या मानेपासून माकडहाडापर्यंत ओढत न्यायची आणि शेवटी कमरेवर सगळा भार देऊन क्षणभर उभी राहायची. मग तो माणूस उठून मागं न बघता घरी जायचा. मागं बघितलं तर दुखणं पुन्हा अंगाला चिकटतं म्हणे. आभार मानायचे नाहीत, काही द्यायचं नाही, असा रिवाज होता.

तिला विहिरीची जागा दाखवायलाही न्यायचे. पायाळूला जमिनीच्या पोटातलं दिसतं, असं म्हणतात. आईला काही दिसत नसे. ती शेतातून एक फेरी मारायची आणि दमून जिथं थांबायची तिथं लोक खुंटी ठोकायचे. प्रवरेच्या काठाला कुठंही खणलं तरी पाणी लागतं, हे मी शाळेत असताना घरात बोलून दाखवलं, तर दादा, म्हणजे माझे वडील, दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना आईच्या पायांचा भारी अभिमान. तसा अबोल माणूस, पण कुणी पाठ धरून आलं की ओट्यावर बसून त्याला मोठ्यानं सूचना द्यायचे. श्वास सोड, अंग ढिलं सोड, हात लांब कर. पाय आईचा आणि रुबाब ह्यांचा.

तिच्या पायाला यश आलं नाही असं एकच माणूस मला आठवतं, ती माझी आजी, दादांची आई. नदीवर धुणं धुताना शेवाळावरून सटकली आणि बुडावर आपटली. घरापर्यंत ती आपल्या पायांनी चालत आली होती. हे मला पक्कं आठवतं, कारण धुण्याची बादली माझ्याकडं होती आणि ती माझ्यापुढं कण्हत चालली होती. दादा शेतातून आले तेव्हा ती पडवीत पडून होती. आई म्हणाली, जरा उतार पडू द्या, मग बघू. दादा म्हणाले, ‘‘साऱ्या गावाला पाय देतीस, आन् माज्याच आईला का मागं सरतीस? दे पाय.’’ आईनं आजीला पालथं केलं आणि पाय दिला. आजी एकदाच ओरडली. संध्याकाळी तिला जेवायला उठवायला गेलो तर तिच्या कमरेखाली काही हलत नव्हतं. चिमटा काढला तरी तिला कळत नव्हता.

लोक म्हणाले, अंगावरून वारं गेलं. पायाळूनं वेळेवर पाय दिला म्हणून एवढ्यावर निभावलं, नाहीतर म्हातारी जागच्या जागी गेली असती. हे ऐकून घरात सगळ्यांना बरंच वाटलं. त्यानंतर आजी काही वर्षं अंथरुणात होती. तिला लघवी कळत नसे, शी कळत नसे. आई सगळं काढायची. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची. त्या जखमांचा वास घरभर असायचा आणि तो मारायला आई धूप जाळायची, त्यामुळं आजही कुठं धूप जळत असला की मी तिथून उठून जाते. आजी गेली तेव्हा भावकीतल्या बायकांनी आईचं तोंडभरून कौतुक केलं. अशी सून मिळायला भाग्य लागतं, म्हणाल्या.

पुढं मी लग्न होऊन नगरला आले, खरं म्हणजे भिंगारला. नवरा लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन स्टाफमध्ये, राहायला तिथलंच क्वार्टर, आणि मी टेलिफोन खात्यात. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून माझी जीभ तिखट झाली, असं नवरा म्हणतो. माहेरच्यांचं म्हणणं, ती आधीपासूनच होती.

शतक संपायला आलं होतं त्या सुमाराची ही गोष्ट. आई-दादा माझ्याकडं यायला कोल्हारहून एसटीनं निघाले. गाडी मनमाडकडून भरून आलेली, मागचं लांब बाक तेवढं मोकळं. त्या रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल मी कुणाला सांगायला नको. राहुरी सोडल्यावर गाडी एका खड्ड्यात अशी आदळली की मागच्या बाकावरचे सगळे उडाले. बाकीचे ड्रायव्हरच्या नावानं खडे फोडत पुन्हा बसले. आईचा मात्र श्वासच अडकला. भिंगारला दारात रिक्षा थांबली तेव्हा तिला उतरता येईना, दोन्ही हातांनी तिनं रिक्षाचा दांडा घट्ट धरलेला. घामानं चिंब झाली होती.

उसणच भरलीय, हे तिनं स्वतःच ठरवलं. आता पायाळूला स्वतःचा पाय चालत नाही, दुसरा पायाळू लागतो. दादा लगेच शोधाला लागले. भिंगारच्या बाजारात ह्याला-त्याला विचारून त्यांनी कुठल्याशा गल्लीतली एक पायाळू पोरगी आणली. नुकतं लग्न झालेली, दारात अंग चोरून उभी. आईनं पडल्या पडल्या तिला न्याहाळलं आणि म्हणाली, ‘‘हिला अजून नीट उभं ऱ्हाता येईना. माज्या पाठीवर दुसऱ्याचा पाय नगं.’’ इतकं दुखत असतानाही तिचा हा ताठा बघून मला हसू आलं. पोरीला चहा पाजून परत पाठवलं. मग मी दादांना चांगलं फैलावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आईला नगरच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं.

एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका पुढच्या बाजूनं दबलेला दिसला. विटांच्या थप्पीत मधलीच एखादी वीट पुढून चुरावी, तसा. वयानं हाडं आतून पोकळ होतात, बायकांची जास्त, मग एवढ्याशा हिसक्यानंही मणका चेपतो, असं डॉक्टर म्हणाले. ते वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी छातीपासून ओटीपोटापर्यंत प्लास्टरचं जाकीट घातलं आणि झोपून राहायला सांगितलं. हाड आपोआप जुळून येईल म्हणाले. बऱ्याच जणांचं येतंही असेल. त्यांनी काही चूक केली असं माझं म्हणणं नाही.

तो सगळा उन्हाळा आईनं माझ्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्या प्लास्टरमध्ये काढला. आत घामोळं उठलं. खाजवायला मी लोकर विणायची सुई दिली होती, ती आई उशाखाली ठेवायची. कुशीवर वळायचं म्हटलं की तिचा चेहरा पांढराफटक व्हायचा. ठसका लागला, शिंक आली, तरी ओरडायची. मैदानावर जवानांची कवायत सुरू झाली की ती म्हणायची, ‘‘त्यांना म्हनाव पाय हळू आपटा, माज्या पाठीत वाजतंय.’’ हे ती गमतीनं म्हणते की खरंच तसं होतं, ते मला कधी कळलं नाही. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. जेवण नको म्हणायची, कारण जेवलं की शौचाला जावं लागतं आणि त्यासाठी हलावं लागतं.

आणि दादा. ज्या माणसानं उभ्या जन्मात प्यायच्या पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तो माणूस तिचं सगळं करायला लागला. मला कामावर जावं लागायचं, नवऱ्याला सासूचं करणं अवघड, तेव्हा त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं हे खरं. पण नाइलाजानं केलेलं लगेच ओळखू येतं, आणि हे तसं नव्हतं. ते भांडं द्यायचे, भांडं धुवायचे. ओल्या फडक्यानं तिचे हातपाय पुसायचे. मोसंबं सोलून एकेक फोड बी काढून तिच्या तोंडात घालायचे. शेतातली कामं वाट्यानं लावून टाकली होती. दिवसभर तिच्या खाटेशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि तिचा हात हातात धरून पेपर मोठ्यानं वाचायचे. अगदी शेतीच्या औषधांच्या जाहिरातीसुद्धा. आई म्हणायची, ‘‘आवं, बास करा आता.’’ पण हात सोडवून घ्यायची नाही. लग्नाला चाळिसेक वर्षं झालेली ही दोन माणसं एकमेकांचा हात धरून बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मला बरं वाटायचं आणि थोडी लाजही वाटायची.

प्लास्टर काढलं, पट्टा आला, पण दुखणं तसूभरही कमी झालं नाही. नव्या एक्स-रेत मणका आणखी दबलेला होता. त्या वयस्कर डॉक्टरांनीच मग सांगितलं, की पुण्याचा एक तरुण डॉक्टर महिन्यातून एकदा नगरला एका खाजगी दवाखान्यात येतो. परदेशात एक नवीन उपचार शिकून आलाय. मोठी चिरफाड नाही, टाके नाहीत. पाठीतून सुई घालायची, ती थेट दबलेल्या मणक्यात न्यायची आणि तिच्यातून पातळ सिमेंट आत भरायचं. ते आत घट्ट झालं की मणका हलायचा थांबतो आणि दुखणं थांबतं. तुमच्या आईला मोठं ऑपरेशन झेपणार नाही, स्क्रू धरायला हाडात दम नाही, म्हणाले. हा एकच मार्ग आहे आणि आपल्याकडं तो अजून फारसा कुणी केलेला नाही. सिमेंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं घराच्या पायाचं काम आणि घमेली आली. दादा म्हणाले, करू.

तो तरुण डॉक्टर बोलायला मोकळा होता. आईला स्ट्रेचरवरच त्याच्या खोलीत आणलं होतं. टेबलावर त्याचा चहा आणि बशीत खारी होती. त्यातली एक खारी उचलून त्यानं तिची एक कड चिमटीत दाबली. पापुद्रे चेपले, दुसरी बाजू तशीच उभी राहिली. ‘‘मावशी, तुमचा मणका असा झालाय. ह्या पापुद्र्यांच्या मधे आम्ही सिमेंट भरणार. जागा बधिर करू, तुम्ही जाग्याच असाल. पालथं मात्र पडून राहावं लागेल.’’ धोके कुठले तेही त्यानं नीट सांगितलं. सिमेंट बाहेर झिरपलं तर नसेला लागू शकतं, म्हणून सगळं पडद्यावर बघत बघत करायचं. मला तो माणूस आवडला.

मग उजेडाच्या काचेवर एक्स-रे लावून तो सहज म्हणाला, ‘‘एक मात्र बरं केलंत, कुठं चोळून-बिळून घेतलं नाहीत. खेड्यात अशा पाठीवर पाय द्यायची पद्धत आहे ना? म्हाताऱ्या बाया पडतात, मणका मोडतो, लोकांना वाटतं उसण भरली. त्यावर कुणी पाय दिला की तुकडा मागं सरकतो आणि नसांवर बसतो. मग कमरेखालचं सगळं संपतं.’’

आईनं विचारलं, ‘‘पडल्यावर आदी चालता येतं का?’’

‘‘येतं की. कितीतरी जणी चालत घरी येतात.’’

‘‘आन् मंग लगवी?’’

‘‘तीही कळत नाही,’’ डॉक्टर म्हणाला. ‘‘काहीच कळत नाही.’’ तो एक्स-रे काढून पाकिटात घालत होता. त्याला कुणाचा चेहरा दिसला नाही. मला आईचा दिसला. दादा खिडकीशी उभे होते, त्यांचा दिसला नाही. त्यांना कळलंच नसेल, असं मी मनाशी धरून चालले. माणूस आपल्या सोयीचं धरून चालतो.

घरी आल्यावर आईनं जाहीर केलं, ‘‘मला ती सुई नगं.’’

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. मी रजा काढल्यात, दवाखान्याची तारीख घेतलीय, डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, तुझ्यासाठी थांबणार नाही. घाबरतेस कशाला, पोरं इंजेक्शन घेतात. दोन दिवस मी तिच्या मागं लागले होते. ती भिंतीकडं तोंड करून पडायची. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा दूध आणायला गेले होते तेव्हा ती बोलली.

‘‘तुज्या आजीला मीच मारलं ना?’’

मी म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस.

‘‘पडल्याव चालत आली हुती ती. तू बी हुतीस. माज्या टाचंखाली कटकन वाजलं हुतं. मला वाटलं, हाड बसलं. मीच म्हनले, बसलं.’’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘आन् बाकीच्या? कितीजनींच्या पाठीवर उभी ऱ्हायले मी. त्यातल्या कोन कोन उठल्या न्हाईत, ते मला कुनी येऊन सांगितलं बी नसंल. मागं बगायचं नसतं ना.’’

मी तिला समजावत राहिले. कुणालाच ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा तेव्हा हे ठाऊक नसेल, तू तिची एवढी सेवा केलीस. हे सगळं खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ती एवढंच म्हणाली, ‘‘तिला कुनी सुई दिली? ती तशीच पडली ना? मंग मी बी पडंन.’’ मला भयंकर राग आला. मेलेल्या माणसाशी बरोबरी करत ही बाई जिवंतपणी सडणार, आणि ते मी बघायचं.

दादा दारात उभे होते. हातात दुधाची पिशवी. किती वेळ उभे होते ते ठाऊक नाही, पण ऐकलं होतं. ते आत आले, पिशवी खिडकीत ठेवली, नेहमीच्या स्टुलावर बसले आणि तिचा हात हातात घेतला.

‘‘पाय दे म्हनून मीच म्हनलो हुतो,’’ ते म्हणाले. ‘‘तू नगं म्हनत हुतीस. आन् आई माजी हुती. मी सांगतो, सुई घ्यायची.’’

म्हणजे डॉक्टरच्या खोलीत त्यांनाही सगळं समजलं होतं. आईनं त्यांच्याकडं बघून मान डोलावली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझा बाप इतका मोठ्या मनाचा आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पुढं कितीतरी दिवस मी हे ज्याला त्याला सांगत होते, ऑफिसातसुद्धा.

ठरल्या दिवशी तिला आत नेलं. दारावरच्या गोल काचेतून थोडंफार दिसत होतं. टेबलावर उशा लावून तिला पालथं घातलं होतं, आणि एक्स-रेचं कमानीसारखं यंत्र तिच्या पाठीवरून खाली वळलेलं. पालथं होताना ती जी ओरडली ती बाहेर ऐकू आली. त्यानंतर आवाज नाही. दादा बाकावर ताठ बसून होते. मधेच आतून बारीक हातोडीचा आवाज यायला लागला, टक, टक, टक. हाडात सुई शिरायला ती मागून हळूहळू ठोकावी लागते, हे नंतर कळलं. दादांनी तेवढ्यापुरते कानांवर हात ठेवले. दार उघडमिट झालं की रंगाच्या दुकानात येतो तसला उग्र वास येत होता, तो त्या सिमेंटचा.

माझ्या अंदाजापेक्षा फारच लवकर संपलं. डॉक्टर बाहेर आला आणि त्यानं उरलेल्या सिमेंटची छोटी गोळी माझ्या हातावर ठेवली. ती अजून कोमट होती आणि दगडासारखी कडक. आत असंच झालंय म्हणाला. आईच्या पाठीवर दोन बारीक पट्ट्या, बाकी काही नाही. काही तासांनी तिला कुशीवर वळायला सांगितलं, तर ती घाबरत घाबरत वळली आणि थांबली. ओरडायची तयारी करून ठेवली होती, पण ओरडायला काही उरलं नव्हतं. पुन्हा ह्या कुशीवर, पुन्हा त्या. मग ती हसायला लागली. तिला हसताना बघून मला इतका आनंद झाला की मी नर्सला मिठी मारली.

मी विचारलं, आत कसं वाटलं? ती म्हणाली, ‘‘दुखलं न्हाई लई. पन ती सुई ठोकत हुते ना, तवा कुनीतरी पाठीवर पाय देऊन हुबं ऱ्हायल्यावानी वाटलं.’’

तिनं हे अगदी सहज सांगितलं. बोलून गेल्यावर तिच्याही ध्यानात आलं. दादा चहा आणतो म्हणून उठले आणि बराच वेळ आले नाहीत. मी त्या दिवशी ह्या गोष्टीकडं लक्ष दिलं नाही, मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात चालली. आठवड्यात तिनं माझ्या घरात भाकरी थापली. दादा मात्र उसाला पाणी द्यायचंय म्हणून लगेच कोल्हारला निघून गेले. आई पुढं काही दिवसांनी गावी परतली. गावात तिला बघायला गर्दी. सिमेंटवाली म्हणून बायका थट्टा करायच्या, आता आमच्याही घराच्या भेगा भर म्हणायच्या. कुणी पाठ धरून आलं की ती सांगायची, माझ्या पायात आता गुण राहिला नाही, नगरला जाऊन फोटो काढा. काही जण रागावून गेले. सिमेंट भरल्यावर हिला गर्व चढला, असंही बोललं गेलं.

दिवाळीला मी गेले तेव्हा दादांची खाट घरात नव्हती. ती मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत होती. चोऱ्या होतात, मोटारीची राखण करायला लागते, असं आईनं सांगितलं. जेवायला घरी येतात का, तर नाही. डबा जातो. मला हे काही पटलं नाही. मी तडक मळ्यात गेले आणि दादांना म्हटलं, हे काय चालवलंय तुम्ही? तुम्हीच तिला म्हणालात ना, मीच पाय दे म्हणालो म्हणून? मग आता हा दुरावा कशासाठी? तिनं तुमच्या आईचं काय काय काढलंय ते विसरलात?

ते बांधावर बसून विळ्याला धार लावत होते. थांबले नाहीत.

‘‘विसरलो न्हाई,’’ म्हणाले. ‘‘तिचा दोस न्हाई. माजा हाय. ती दुखन्यात पडली हुती तवा तिला उठवायचं यवढंच डोक्यात हुतं, म्हनून बोललो. खोटं न्हाई बोललो. पन ती बरी झाली, घरात चालाया लागली, आन् मला तिचा पाय दिसाया लागला. ती म्होरून गेली का मला आईचं वरडनं ऐकू येतं. आन् तिला माजं तोंड बगितलं का काय ऐकू येत आसंल, ते तिलाच ठावं. मी काय करू, सांग.’’

मी उसाच्या कडेकडेनं घरी परत आले.

आई ओसरीत बसून ज्वारी निवडत होती. पाठ सरळ, मांडी घातलेली, हात भराभर चालत होते. उन्हाळ्यातली ती वाळलेली, पांढरीफटक बाई हीच, असं कुणाला सांगूनही पटलं नसतं. मी कुठं जाऊन आले हे तिनं विचारलं नाही. मी म्हटलं, काही दुखतं का गं आता? तिनं मानेनं नाही म्हटलं. सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग वर न बघता म्हणाली, ‘‘त्या डागदरला इचारशील का, घातलेलं शिमीट काडता येतं का म्हून.’’

मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? कशाला काढायचं?

‘‘दुखत हुतं तवा ते जवळ बसायचे,’’ ती म्हणाली.